क्लाउड सर्व्हरांचा गोषवारा एपीआयवरून मागवताना: आधी पट, मग आकडे

कुपवाड एमआयडीसीतला कारखाना असो, मिरजेतलं हॉस्पिटल असो की विश्रामबागेतली पतसंस्था, महिनाअखेरीला संगणक विभागाकडे ठरलेली मागणी येते: "आपले सर्व्हर किती, चालू किती, अपडेट किती बाकी, एका कागदावर द्या." कन्सोल, म्हणजे क्लाउडचं वेबवरचं पान, उघडून बोटांवर मोजणारे अजून आहेत. बाकीच्यांनी एपीआयवरून, म्हणजे प्रोग्रामने विनंती पाठवून, आकडे मागवणारी स्क्रिप्ट लिहिली आहे. ती चालते, आकडे येतात, कागद हिरवागार दिसतो. पण ज्या सर्व्हरने कधी हजेरीच लावली नाही, तो त्या कागदावर लालसुद्धा दिसत नाही. पटावर नावच नसलेला पोरगा गैरहजरही लागत नाही, तसा हा प्रकार.

सांगली-मिरज परिसरात अनेकांचे सर्व्हर एडब्ल्यूएसच्या, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडच्या, मुंबई रीजनमध्ये (डेटा सेंटरांच्या विभागात) आहेत, म्हणून इथे त्यांची सिस्टिम्स मॅनेजर (थोडक्यात एसएसएम) ही सर्व्हर सांभाळण्याची सेवा धरून सांगतो. आज्ञांची आणि फील्डची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर आज्ञा इंग्रजी छोट्या अक्षरांत आणि शब्दांमध्ये हायफन देऊन टाइप करायच्या.

सगळ्यात जास्त चुका पहिल्या तीन टप्प्यांत होतात आणि त्या सहाव्या-सातव्या टप्प्यापर्यंत कळत नाहीत. त्यामुळे तयारीचे टप्पे गाळून थेट विनंतीवर उडी मारू नका.

## तयारी

### टप्पा १: स्वतःचा पट तयार करा

गोषवारा मागवण्याआधी तुमच्याकडे एक यादी हवी, आणि ती सिस्टिम्स मॅनेजरकडून घेतलेली नको. त्या सेवेला तिच्याकडे नोंद झालेलेच सर्व्हर माहीत असतात. पट बनवायचा तो ईसी२ च्या, म्हणजे एडब्ल्यूएसच्या सर्व्हर भाड्याने देणाऱ्या सेवेच्या, 'डिस्क्राइब-इन्स्टन्सेस' या विनंतीतून. त्यात ऑफिसमधल्या, म्हणजे क्लाउडबाहेरच्या मशिनी हाताने जोडायच्या.

हे करताना तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, रीजन. या विनंत्या एका वेळी एकाच रीजनचं उत्तर देतात. मुंबई म्हणजे 'एपी-साउथ-१', हैदराबाद म्हणजे 'एपी-साउथ-२'. हैदराबाद २०२२ मध्ये सुरू झालं आणि ते खात्यात मुद्दाम चालू करावं लागतं, त्यामुळे तिथे चुकून सर्व्हर असण्याची शक्यता कमी. पण उत्तर व्हर्जिनिया, म्हणजे 'यूएस-ईस्ट-१', जरूर तपासा. नवीन माणसाने रीजन न बदलता चाचणीसाठी काढलेला सर्व्हर बहुधा तिथेच सापडतो. 'डिस्क्राइब-रीजन्स' चालवली की खात्यात चालू असलेली रीजन मिळतात. त्या सगळ्यांवर एकदा फेरी मारा.

दुसरी, अवस्था. काढून टाकलेला सर्व्हरही साधारण तासभर यादीत 'टर्मिनेटेड' म्हणून दिसत राहतो. तो गाळा. 'स्टॉप्ड' मात्र गाळू नका. आपल्याकडे साखर कारखान्यांचे वजनकाट्याचे आणि ऊसनोंदीचे सर्व्हर गाळप संपलं की बंद करतात आणि पुढच्या हंगामाला पुन्हा लावतात. मधल्या सहा-सात महिन्यांत त्यांना एकही अपडेट मिळालेलं नसतं. पटातून नाव गेलं, तर बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आठवड्यात तो सर्व्हर तसाच उघडा-बोडका चालू होतो.

तिसरी, टॅग, म्हणजे सर्व्हरला लावलेली खुणेची चिठ्ठी. प्रत्येक सर्व्हरवर निदान 'ग्राहक' आणि 'काम' या अर्थाचे दोन टॅग हवेत. टॅगमध्ये लहान-मोठं अक्षर वेगळं धरलं जातं. एकाने 'काटा' शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग मोठ्या अक्षराने सुरू केलं आणि दुसऱ्याने छोट्या, तर पुढे फिल्टर लावल्यावर निम्मे सर्व्हर गळतात आणि कुठलीही त्रुटी दाखवली जात नाही.

तपासा: पटातला एकूण आकडा आणि महिन्याच्या बिलावरचे सर्व्हर जुळतात का? बिल विसरत नाही. बंद सर्व्हरचं डिस्कचं भाडंही त्यात लागतं.

### टप्पा २: सर्व्हर खरोखर 'मॅनेज्ड' आहे का

सर्व्हर क्लाउडवर आहे एवढ्याने तो मॅनेज्ड, म्हणजे सिस्टिम्स मॅनेजरकडे नोंदलेला, होत नाही. त्यासाठी तीन गोष्टी जमून याव्या लागतात: मशिनवर एसएसएम एजंट (सिस्टिम्स मॅनेजरशी बोलणारा छोटा प्रोग्राम) चालू असणं, मशिनला योग्य रोल (परवानग्या असलेली ओळख) जोडलेला असणं, आणि मशिनला बाहेर ४४३ पोर्टवर जाता येणं.

एजंट ॲमेझॉन लिनक्स २ आणि २०२३, विंडोज सर्व्हर आणि उबंटूच्या बऱ्याच तयार इमेजमध्ये आधीच असतो. डेबियन किंवा रेड हॅटवर तो स्वतः बसवावा लागतो. रोलला 'ॲमेझॉन-एसएसएम-मॅनेज्ड-इन्स्टन्स-कोअर' ही पॉलिसी, म्हणजे परवानग्यांची यादी, पुरते. जुन्या लेखांतून उचललेली 'ॲमेझॉन-ईसी२-रोल-फॉर-एसएसएम' अजून काही ठिकाणी दिसते. ती कालबाह्य आहे आणि गरजेपेक्षा जास्त दारं उघडते. बदलून टाका.

नेटवर्कच्या बाबतीत गैरसमज फार आहे. सर्व्हर यादीत दिसेना म्हटलं की लोक सिक्युरिटी ग्रुपमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये, बाहेरून आत येणारं पोर्ट उघडतात. त्याचा काही उपयोग नाही, उलट धोका आहे. एजंट स्वतः आतून बाहेर बोलतो. आत येणारं एकही पोर्ट त्याला लागत नाही. सर्व्हर खाजगी सबनेटमध्ये असेल तर बाहेर जायला नॅट गेटवे किंवा एडब्ल्यूएसच्या सेवांपर्यंत थेट नेणारे व्हीपीसी एंडपॉइंट हवेत.

ऑफिसमधल्या मशिनींसाठी हायब्रिड ॲक्टिव्हेशन, म्हणजे कोड देऊन नोंदणी, करावं लागतं. २०१९ च्या पुरानंतर गावभाग आणि टिळक चौकाच्या बाजूच्या अनेकांनी तळमजल्यावरचं सामान वरच्या मजल्यावर नेलं किंवा क्लाउडवर टाकलं, पण एखादी जुनी मशीन कोपऱ्यात राहतेच. ॲक्टिव्हेशनचा कोड मुदत न दिल्यास २४ तासांत संपतो आणि जास्तीत जास्त ३० दिवसांचा करता येतो. अशा मशिनीचा आयडी 'एमआय' आणि हायफनने सुरू होतो, ईसी२ चा नुसत्या 'आय' आणि हायफनने. हा फरक लक्षात ठेवा, दहाव्या टप्प्यात कामाला येईल.

तपासा: रोल जोडून थोडा वेळ गेला तरी सर्व्हर फ्लीट मॅनेजरमध्ये (सिस्टिम्स मॅनेजरच्या सर्व्हर-यादीच्या पानावर) दिसत नसेल, तर आधी एजंट रीस्टार्ट करा. सिक्युरिटी ग्रुपला हात लावायची वेळ त्यानंतरची.

### टप्पा ३: वाचण्यापुरती परवानगी

गोषवारा मागवणाऱ्या स्क्रिप्टला स्वतंत्र ओळख द्या. मुख्य खात्याची, म्हणजे रूटची की (एपीआयसाठीची गुप्त किल्ली) तर चुकूनही नको.

घाईत लोक 'ॲमेझॉन-एसएसएम-रीड-ओन्ली-ॲक्सेस' ही तयार पॉलिसी लावून मोकळे होतात. नाव रीड-ओन्ली असलं तरी तिच्यात 'गेट' ने सुरू होणाऱ्या सगळ्या विनंत्या येतात, म्हणजे पॅरामीटर स्टोअरमधलं वाचणंही आलं. डेटाबेसचे पासवर्ड तिथेच ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. सर्व्हर मोजायला दिलेल्या कीने पासवर्ड वाचता येत असतील, तर ती की मोजणीपुरती राहिली नाही.

त्यापेक्षा स्वतःची पॉलिसी लिहा. तिच्यात एवढ्याच परवानग्या द्या:

- एसएसएम: डिस्क्राइब-इन्स्टन्स-इन्फर्मेशन, डिस्क्राइब-इन्स्टन्स-पॅच-स्टेट्स, लिस्ट-कम्प्लायन्स-समरीज, लिस्ट-रिसोर्स-कम्प्लायन्स-समरीज
- ईसी२: डिस्क्राइब-इन्स्टन्सेस, डिस्क्राइब-रीजन्स

यातल्या डिस्क्राइब-इन्स्टन्स-इन्फर्मेशनला ठरावीक सर्व्हरचा पत्ता देऊन मर्यादा घालता येत नाही. रिसोर्सच्या जागी तारा, म्हणजे ॲस्टेरिस्क चिन्हच द्यावं लागतं. अमुक ग्राहकाचेच सर्व्हर दिसावेत अशी पॉलिसी लिहून लोक तासन्‌तास 'ॲक्सेस डिनाइड' बघत बसतात. ग्राहक वेगळे ठेवायचे असतील तर खातीच वेगळी करा.

सावधान: की व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवू नका, 'नंतर डिलीट करतो' म्हणूनही नाही. शक्य असेल तर स्क्रिप्ट क्लाउडवरच्याच एका छोट्या सर्व्हरवर चालवा आणि त्याला रोल द्या, म्हणजे कुठे की ठेवायचीच गरज पडत नाही.

### टप्पा ४: घड्याळ, खातं, रीजन

विनंतीवर वेळेसकट सही होते. मशिनचं घड्याळ पाच मिनिटांहून जास्त पुढे-मागे असेल तर सही नाकारली जाते आणि त्रुटी 'सिग्नेचर'बद्दल दिसते. मग माणूस की बदलत बसतो. घड्याळ एनटीपीशी, म्हणजे नेटवर्कवरच्या प्रमाण वेळेशी, जुळवा. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी घड्याळं जुळवण्याची अट आहे, म्हणजे ते तसंही करायचंच होतं.

मग 'एसटीएस गेट-कॉलर-आयडेंटिटी' चालवा. हिला कुठलीही परवानगी लागत नाही. उत्तरात आलेला बारा अंकी खाते क्रमांक तुम्हाला हवा तोच आहे का, हे डोळ्यांनी वाचा. चार ग्राहकांची खाती एकाच लॅपटॉपवर असणाऱ्यांनी तर दरवेळी.

पोस्टमनसारख्या साधनातून थेट विनंती पाठवणाऱ्यांसाठी: सहीचा प्रकार एडब्ल्यूएस सिग्नेचर निवडा, सेवेचं नाव 'एसएसएम' छोट्या अक्षरांत, रीजन हाताने भरा. मेथड पोस्ट. कुठली विनंती आहे हे पत्त्यात लिहायचं नसतं, ते 'एक्स-ॲमेझ-टार्गेट' या हेडरमध्ये जातं. 'कंटेंट-टाइप' मध्ये ॲमेझॉनचा जेसन १.१ हा प्रकार हवा. साधा जेसन लिहिला की विनंती फसते.

## विनंत्या, याच क्रमाने

### टप्पा ५: पहिली विनंती लहान ठेवा

डिस्क्राइब-इन्स्टन्स-इन्फर्मेशन चालवा आणि 'मॅक्स-रिझल्ट्स' ५ द्या. किमान ५ आणि कमाल ५० अशी मर्यादा आहे. १ किंवा १०० दिलंत तर त्रुटी येईल. आउटपुट जेसन ठेवा आणि एक नोंद सावकाश वाचा. समजा ती अशी आली:

- कॉम्प्युटर-नेम: काटा-२
- नेम: हे फील्डच नाही
- पिंग-स्टेटस: कनेक्शन-लॉस्ट
- लास्ट-पिंग-डेट-टाइम: १४ मार्च, १८:४२ यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ)
- प्लॅटफॉर्म-नेम: उबंटू
- इझ-लेटेस्ट-व्हर्जन: फॉल्स

'नेम' नाही म्हणून घाबरू नका. ते फील्ड ॲक्टिव्हेशन करून जोडलेल्या बाहेरच्या मशिनींसाठी आहे. ईसी२ सर्व्हरला कन्सोलमध्ये दिलेलं नाव टॅगमध्ये असतं आणि ते टप्पा १ च्या यादीतून आयडी जुळवून आणावं लागतं. 'कॉम्प्युटर-नेम' म्हणजे मशिनचं होस्टनेम. एकाच इमेजवरून चार सर्व्हर काढले असतील तर चौघांचं सारखंही असू शकतं. म्हणून जुळणी कायम आयडीवर करा.

पिंग-स्टेटसच्या 'ऑनलाइन' आणि 'कनेक्शन-लॉस्ट' या दोनच किमती आता धरा. 'इनॲक्टिव्ह' ही तिसरी जुन्या कोडमध्ये सापडते, ती वापरातून गेली आहे. 'कनेक्शन-लॉस्ट' म्हणजे एजंटशी संपर्क तुटला, एवढंच. सर्व्हर मुद्दाम बंद केलाय, एजंट पडलाय की नेटवर्क गेलंय, हे त्यावरून कळत नाही. ते ईसी२ च्या अवस्थेशी जोडूनच ठरतं. एजंट साधारण दर पाच मिनिटांनी आपली खबर देतो, त्यामुळे नुकत्याच चालू किंवा बंद केलेल्या सर्व्हरबद्दल लगेच निष्कर्ष काढू नका.

वेळेकडे नीट बघा. १४ मार्च १८:४२ यूटीसी म्हणजे आपल्याकडे १५ मार्चच्या मध्यरात्रीनंतरचे १२:१२. तारीखच बदलली. थेट एपीआयकडून वेळ सेकंदांच्या लांबलचक आकड्यात येते. सीएलआय, म्हणजे टर्मिनलवरचं एडब्ल्यूएसचं साधन, ती वाचता येईल अशी करते, पण ज्या मशिनवर चालते तिच्या टाइमझोनचा त्यावर परिणाम होऊ शकतो. रिपोर्टमध्ये वेळेच्या रकान्यावर 'भारतीय वेळ' असं लिहा आणि बदल कोडमध्ये एकाच जागी करा.

'इझ-लेटेस्ट-व्हर्जन' हे फील्ड लिनक्ससाठी आहे. विंडोज सर्व्हरवर त्यावरून एजंट जुना ठरवू नका.

### टप्पा ६: सगळी पानं आणा

बरेच रिपोर्ट इथेही फसतात.

उत्तर पानापानाने येतं. पुढचं पान असेल तर सोबत 'नेक्स्ट-टोकन' येतो. तो जसाच्या तसा पुढच्या विनंतीत द्यायचा, आणि टोकन येणं थांबलं की थांबायचं. थांबण्याची खूण टोकनच. 'पन्नासपेक्षा कमी नोंदी आल्या म्हणजे शेवटचं पान' असं गृहीत धरू नका. अर्धवट भरलेलं पान मध्येच येऊ शकतं. टोकनमधली अक्षरं उलगडून बघणं, साठवून उद्या वापरणं, मध्येच फिल्टर बदलून तोच टोकन चालवणं, यातलं काहीही करू नका.

पायथन वापरत असाल तर बोटो३ या एडब्ल्यूएसच्या लायब्ररीत 'गेट-पॅजिनेटर' आहे. तो घ्या. स्वतः लूप लिहिण्यात काही शौर्य नाही.

सीएलआय वापरणाऱ्यांना दोन खड्डे आहेत. सीएलआय एरवी सगळी पानं स्वतः आणते, पण तुम्ही 'मॅक्स-रिझल्ट्स' दिलंत की ते आपोआप आणणं थांबतं आणि एकच पान मिळतं. पाचव्या टप्प्यात चाचणीसाठी दिलेला ५ चा आकडा तसाच राहिला, तर रिपोर्टमध्ये कायम पाच सर्व्हर. पानाचा आकार ठरवायचा असेल तर 'पेज-साइझ' वापरा.

दुसरा खड्डा जास्त फसवा. आउटपुट 'टेक्स्ट' ठेवून 'क्वेरी' मध्ये मोजणीचं 'लेंग्थ' लिहिलं, तर सीएलआय ती क्वेरी प्रत्येक पानावर वेगळी चालवते. पानाचा आकार ५० ठेवला असेल आणि १२० सर्व्हर असतील, तर १२० ऐवजी ५०, ५०, २० असे आकडे एकाखाली एक छापले जातात. स्क्रिप्ट पहिली ओळ उचलते आणि साहेबांना ५० सांगते. एका पानात मावतील एवढेच सर्व्हर असेपर्यंत हे कधीच कळत नाही. ग्राहक वाढले की एक दिवस आकडा अडकून बसतो. मोजणी करायची असेल तर आउटपुट जेसनच ठेवा.

तपासा: आणलेल्या नोंदींतले वेगळे आयडी मोजा. नोंदी आणि वेगळे आयडी यांचा आकडा सारखा नसेल तर पान दोनदा जोडलं गेलंय.

### टप्पा ७: फिल्टर

फिल्टर द्यायचे दोन मार्ग आहेत, जुना 'इन्स्टन्स-इन्फर्मेशन-फिल्टर-लिस्ट' आणि नवा 'फिल्टर्स'. एका विनंतीत दोन्ही दिले तर त्रुटी येते. नवा वापरा.

आयडींची यादी देऊन विचारणार असाल तर त्यात काढून टाकलेला एखादा आयडी नको. अमान्य आयडी असेल तर उत्तराऐवजी त्रुटी हातात पडते. माझं मत विचाराल तर शंभर-दोनशे सर्व्हरपर्यंत फिल्टर लावूच नये. सगळं आणा आणि आपल्याकडे गाळा. गाळणी आपल्या हातात असली की काय गळलं ते दिसतं.

### टप्पा ८: पॅचचा गोषवारा

आता पॅचसाठी, म्हणजे अपडेटसाठी, डिस्क्राइब-इन्स्टन्स-पॅच-स्टेट्स. हिला आयडी द्यावेच लागतात, एका वेळी जास्तीत जास्त ५०. पटातले आयडी पन्नास-पन्नासच्या गटांत पाडा. सर्व्हरमागे एक विनंती असा लूप लिहू नका, त्यानेच नंतर अडवणूक सुरू होते.

उत्तरात प्रत्येक सर्व्हरचे बरेच आकडे असतात. कामाचे हे:

- मिसिंग-काउंट: लागू आहेत पण बसवलेले नाहीत असे पॅच
- फेल्ड-काउंट: बसवायला गेले आणि बसले नाहीत
- इन्स्टॉल्ड-पेंडिंग-रीबूट-काउंट: बसले, पण मशीन अजून रीबूट झालेली नाही
- ऑपरेशन-एंड-टाइम: हे सगळं कधीच्या तपासणीतलं आहे

शेवटचा रकाना रिपोर्टमधून सर्रास वगळला जातो आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा. हे आकडे त्या क्षणाचे नसतात, शेवटच्या स्कॅनचे किंवा इन्स्टॉलचे असतात. तीन महिन्यांपूर्वी स्कॅन झालेला सर्व्हर आजही 'मिसिंग शून्य' म्हणून मिरवतो. बंद ठेवलेला वजनकाट्याचा सर्व्हर तर हमखास.

'पेंडिंग-रीबूट' ला पूर्ण धरू नका. सेवा स्वतःसुद्धा अशा सर्व्हरला अपूर्णच मानते. रीबूट केल्यावर पुन्हा स्कॅन चालवा, तेव्हा आकडा बदलेल.

आणि शून्याचा अर्थ बेसलाइनवर, म्हणजे कोणते पॅच मंजूर धरायचे त्या नियमांवर, अवलंबून असतो. विंडोज आणि ॲमेझॉन लिनक्सच्या डीफॉल्ट बेसलाइनमध्ये सुरक्षेचा पॅच निघाल्यानंतर सात दिवसांनी मंजूर होतो. परवा निघालेला पॅच त्यामुळे 'मिसिंग' मध्ये येणारच नाही. एखादी गंभीर त्रुटी बातम्यांत गाजत असताना साहेबांनी "आपलं काय?" विचारलं, तर या शून्यावर भरवसा ठेवून उत्तर देऊ नका.

सावधान: कधीच स्कॅन न झालेल्या सर्व्हरची ओळ या उत्तरात येतच नाही. वीस आयडी पाठवले आणि पंधरा ओळी आल्या, तरी त्रुटी वगैरे काही दिसत नाही. पाठवलेले आणि आलेले आयडी कोडमध्येच ताडून बघा.

### टप्पा ९: कम्प्लायन्सचे दोन गोषवारे, वेगवेगळ्या मोजमापाचे

'लिस्ट-कम्प्लायन्स-समरीज' एकूण चित्र देते: पॅच, असोसिएशन (सर्व्हरवर ठरलेली सेटिंग लागू ठेवणं) अशा प्रत्येक प्रकारात किती सर्व्हर नियमात, किती बाहेर. 'लिस्ट-रिसोर्स-कम्प्लायन्स-समरीज' एकेका सर्व्हरबद्दल सांगते. दोन्हींत 'कम्प्लायंट-काउंट' नावाचं फील्ड आहे, पण पहिल्यात ते सर्व्हर मोजतं आणि दुसऱ्यात त्या सर्व्हरवरच्या बाबी, म्हणजे पॅच वगैरे. दुसऱ्याची बेरीज करून 'आपले ८४० सर्व्हर नियमात' असा कागद वर गेला की उत्तर देणं अवघड होतं.

पॅच आणि असोसिएशन या प्रकारांची बेरीजही करू नका, तेच सर्व्हर दोन्हींत असतात. एवढं सांभाळलं तर या दोन विनंत्यांत बाकी अवघड काही नाही.

### टप्पा १०: ताळा

आता तीन याद्या समोर ठेवा: पट, मॅनेज्ड यादी, पॅचची यादी. उदाहरणासाठी आकडे धरू.

पटावर २५ मशिनी: ईसी२ वर चालू १९, बंद ४, ऑफिसमधल्या २. मॅनेज्ड यादीत २० आल्या. पॅचच्या यादीत १५ ओळी. त्या १५ पैकी १२ मध्ये मिसिंग शून्य.

नेहमीचा रिपोर्ट इथे लिहितो: १५ पैकी १२, म्हणजे ८० टक्के अद्ययावत.

ताळा केला की असं दिसतं. १२ पैकी दोघांचा स्कॅन महिन्यापेक्षा जुना आहे, म्हणून खात्रीचे १०. पॅच बाकी असलेले ३. शिळी माहिती २. मॅनेज्ड आहेत पण कधीच स्कॅन नाही ५. मॅनेज्डच नाहीत ५. बेरीज २५, पटाशी जुळली. खात्रीने अद्ययावत १०, म्हणजे ४० टक्के.

कागदावर हे पाच रकाने वेगळे ठेवा. टक्केवारी एकच द्यायची असेल तर छेदात पट घ्या. पाच रकान्यांची बेरीज पटाएवढी होत नसेल तर स्क्रिप्टने रिपोर्ट बनवूच नये, त्रुटी देऊन थांबावं.

उलट बाजूही बघा. मॅनेज्ड यादीत आहे पण पटात नाही, असा 'एमआय' आयडी सापडला तर ती बहुधा कुणीतरी ॲक्टिव्हेट करून विसरलेली मशीन असते, किंवा पुन्हा फॉरमॅट करून दुसऱ्यांदा जोडलेली. जुनी नोंद डीरजिस्टर करा. आणि तिन्ही याद्या एकाच बैठकीत, पाठोपाठ आणा. सकाळचा पट आणि संध्याकाळची मॅनेज्ड यादी जुळवायला बसलात तर फरक शोधण्यात रात्र जाईल.

### टप्पा ११: अडवणूक आली तर

विनंत्या फार भराभर गेल्या की 'थ्रॉटलिंग-एक्सेप्शन' येतं. लगेच पुन्हा पाठवत राहिलात तर ते वाढतं. थांबण्याचा वेळ दरवेळी दुप्पट करा आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक मिसळा. एसडीकेमध्ये (बोटो३ सारख्या लायब्ररीत) रीट्राय मोड 'स्टँडर्ड' ठेवला की हे तो स्वतः करतो.

सावधान: त्रुटी गिळून पुढे जाणारा कोड लिहू नका. तिसऱ्या पानावर अडवणूक झाली आणि कोडने ती दुर्लक्षित केली, तर पहिली दोन पानं घेऊन पूर्ण दिसणारा रिपोर्ट तयार होतो.

### टप्पा १२: रोज चालवा आणि साठवा

क्लाउडवरचा सर्व्हर सहसा यूटीसीवर चालतो. सकाळी सातला रिपोर्ट हवा असेल तर क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीत) ०१:३० लिहा. आलेलं कच्चं जेसन तारखेच्या नावाने साठवा, मगच त्यावरून तक्ता बनवा. तक्त्यात गडबड निघाली तर मागे जाऊन बघता येतं. सीएसव्हीत ग्राहकांची नावं मराठीत असतील तर फाइल बीओएमसहित, म्हणजे सुरुवातीला एन्कोडिंगची खूण देऊन, यूटीएफ-८ मध्ये लिहा, नाहीतर एक्सेलमध्ये अक्षरांच्या जागी भलतंच काही दिसतं.

भरवसा टाकण्याआधी एक चाचणी घ्या. कमी महत्त्वाच्या एका सर्व्हरवरचा एजंट बंद करा, पिंग-स्टेटस बदलेपर्यंत थांबा आणि रिपोर्ट चालवा. तो सर्व्हर 'चालू, पण संपर्क नाही' असा वेगळा दिसला पाहिजे. मग पटात एक खोटा आयडी घालून पुन्हा चालवा. तो 'मॅनेज्ड नाही' मध्ये दिसला पाहिजे. पॅचच्या विनंतीला तो आयडी पचला नाही आणि स्क्रिप्ट मोठ्याने थांबली, तर तेही चालेल. गुपचूप जुनाच आकडा देत असेल तर सहाव्या आणि दहाव्या टप्प्याचा कोड पुन्हा तपासा. चाचणी झाली की खोटा आयडी काढा आणि त्या सर्व्हरवरचा एजंट परत सुरू करा.